सहाला दहा कमीची लाँच

आमच्या रेवस बंदरावर ‘लाँच’ या शब्दाला एकच अर्थ. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून माणसं घेऊन येते ती, आणि इथली माणसं घेऊन परत जाते ती. ती येते, ती सुटते, ती बंद पडते, वारा असला की ती रद्द होते. जगात दुसरीही कसली लाँच असते हे मला साठाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा चांगदेवभावजींच्या तोंडाकडे बघवेना.

मी सगुणा. जेट्टीच्या तोंडाशी चहा-वड्याची टपरी आहे, ती माझी. नवरा गेला त्याला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते. माझी जीभ तिखट आहे असं गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. सांगू दे. चहा गोड असला म्हणजे झालं.

चांगदेवभावजी माझ्या नवऱ्याचे दोस्त. त्यांचा बाप मिठागरात राबला. मिठाने बापाच्या पायाची कातडी खाल्ली, म्हणून तो पोराला म्हणाला, “पान्यावर जा, पन पान्यात उभा राहू नको.” सतराव्या वर्षी भावजी लाँचवर खलाशी म्हणून लागले आणि अडतीस वर्षं तिथेच राहिले. तांडेल व्हायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा नको म्हणाले. कारण विचारलं तर सांगायचे, “तांडेल वर चाकाशी बसतो. मानसं खाली उतरतात.”

त्यांचं खरं काम म्हणजे हात देणं. लाँच पायऱ्यांना लागते तेव्हा ती काही गप्प उभी राहत नाही. लाटेबरोबर वर येते, खाली जाते, मधे हातभर फट पडते. नवखं माणूस नेमकं ती खाली जात असताना पाय टाकतं. भावजी एक पाय लाँचवर, एक पायरीवर ठेवून उभे राहायचे, माणसाचा हात धरायचे, आणि लाट वर आली की म्हणायचे, “आता!” बस, एवढंच. म्हाताऱ्या, बाळंतिणी, टोपल्या घेतलेल्या कोळणी, शहरातल्या उंच टाचांच्या बाया, सगळ्या त्या एका शब्दावर उतरायच्या. अडतीस वर्षांत एकही माणूस पाण्यात पडलं नाही. ही फुशारकी ते स्वतः कधी मारत नाहीत, ती मी मारते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं दोरात चिरडून गेली, तरी हात द्यायचे ते उजवाच, आणि तो शाबूत होता.

त्यांना एकच मुलगी, प्राप्ती. ही पोर लाँचवरच वाढली म्हणा ना. चौथीत असताना बापाच्या शेजारी उभी राहून “आता!” ओरडायची आणि लोक हसत उतरायचे. हुशार म्हणजे किती हुशार! अलिबागेला शिकली, मग मुंबईला, रोज सकाळी लाँचने जायची आणि संध्याकाळी लाँचने यायची. मग एक दिवस हॉलंडला गेली. दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरची गोष्ट. या जेट्टीवरूनच गेली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. बापाने हात दिला, “आता!” म्हणाला, ती लाँचवर चढली. सुचिता, म्हणजे तिची आई, माझ्या टपरीत बसून रडली आणि मी तिच्यावर ओरडले, की पोर शिकायला चालली आहे, मयताला नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिथे ती नेमकं काय करते हे आम्हाला कधी धड कळलं नाही. तिने सांगितलं होतं की ती दुर्बिणीवर काम करते. आता भावजींचा मुतखडा अलिबागच्या दवाखान्यात दुर्बिणीतून काढलेला. त्यामुळे त्यांनी गावभर सांगितलं, की आमची पोरगी ऑपरेशनच्या दुर्बिणी बनवते, पोटात घालतात त्या. मग काय, अर्धा गाव त्यांना खड्यावरचे उपाय विचारायला लागला. मी पण विचारला होता. खोटं कशाला बोलू?

पोर गेली आणि पुढच्याच वर्षी सगळं बंद झालं. लाँच बांधून ठेवल्या. जूनमध्ये वादळ आलं, भावजींच्या घराचे पत्रे उडून खाडीत गेले. लाँच पुन्हा सुरू झाल्या तेव्हा भावजींना कोणी बोलावलं नाही, वय झालं म्हणाले. तरी हे रोज साडेचारला येऊन माझ्या बाकड्यावर बसायचे आणि लाँच लागली की जाऊन हात द्यायचे. पगार नाही, गणवेश नाही. नवा खलाशी पोरगा सुरुवातीला वैतागला, मग त्याला बरंच वाटायला लागलं.

आणि एकवीसच्या एप्रिलमध्ये सुचिता गेली. चार दिवसांत. ताप काय, दम काय, अलिबागला नेली ती तशीच. मयत घरी आणू दिलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून दाखवलं आणि नेलं. त्या संध्याकाळी प्राप्तीचा फोन आला, “बाबा, मी येते, काहीतरी करून येते,” असं रडत रडत म्हणत होती. भावजी भिंतीला टेकून बसले होते, मी समोर होते. ते एवढंच म्हणाले, “आता येऊन काय करनार, बाय?” आणि फोन माझ्याकडे दिला.

त्यानंतर ती आली नाही. सुरुवातीला विमानं बंद होती हे कारण होतं. मग हळूहळू चालू झाली म्हणे, थोडी थोडी, पण ती आली नाही आणि येण्याचा विषयही काढला नाही. फोन यायचा, दर रविवारी. “बाबा, जेवलात?” “जेवलो.” “औषध घेता ना?” “घेतो.” संपलं. अडतीस वर्षं परक्या माणसांचा हात धरलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. फोन ठेवला की माझ्याकडे बघून विचारायचे, “वैनी, कवा येल म्हंता?” मी म्हणायची, “मला काय विचारता, तिला विचारा की!” मान हलवायचे. “विचारलं आनि न्हाय म्हनाली तर?”

म्हणजे मुद्दा एवढाच होता. त्यांना पोरगी यायला हवी होती, आणि ते विचारायला घाबरत होते.

अशात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी फोन आला. मी वडे तळत होते, भावजींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, नाहीतर त्यांना ऐकू येत नाही. पोरीचा आवाज वेगळाच, उसळलेला. “बाबा, ठरलं! अठरा डिसेंबरला लाँच आहे! आपल्या वेळेने संध्याकाळी पाच पन्नास. बघा हां, नक्की बघा! मी किती वर्षं वाट बघतेय याची!” मग तिकडे कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मी झारा हातात धरून त्यांच्याकडे.

“सहाला दहा कमी,” ते म्हणाले.

साडेचारला धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसला कधी लागते? सहाला दहा कमी! जरा इकडे-तिकडे, पण वेळ तीच. मी वडे करपवले त्या दिवशी. माणसाच्या डोळ्यांत असं पाणी येतं आणि तोंड हसत राहतं, तसं मी फार वर्षांनी बघितलं.

एकदा मी म्हणाले, “पण भावजी, विमानाचं काय बोलली नाही ती.” लगेच उत्तर तयार. “विमानाचं मना काय कलतंय? मना लाँचचं कलतं, म्हनून लाँचचं सांगितलंन.” बिनतोड होतं.

मग तयारी सुरू झाली. घराला चुना दिला. वादळानंतर वर ताडपत्री होती, तिथे पत्रे घातले. परदेशातून येणाऱ्या पोरीचे गुडघे आता दुखत असतील असं कोणीतरी डोक्यात भरवलं, तर संडासात कमोड बसवला. एकोणतीस वर्षांची पोर, तिचे गुडघे कशाला दुखतात! पण ऐकतंय कोण. आणि तळ्यावर जाऊन जिताडा मासा सांगून आले, चांगला तीन किलोचा. प्राप्तीला लहानपणापासून जिताड्याचं कालवण आवडतं आणि सुचिता गेल्यापासून भावजींच्या घरी ते शिजलं नव्हतं. शिजवायचं मी कबूल केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी मेसेज आला. भावजींना बारीक अक्षर वाचता येत नाही, मेसेज मीच वाचायची. “बाबा, लाँच पुढे ढकललंय. आता २२ ला.” मी सातवी पास आहे. मला खटकलंच. “भावजी, ‘ढकललंय’ लिहिलंय हो. लाँच ढकल‘ली’ म्हणतात ना?” भावजी म्हणाले, “दोन वरसं तिकडं ऱ्हायली, मराठी बिघडनारच. आली की सुधरंल.” आणि तळ्यावर निरोप गेला. जिताड्याला चार दिवसांचं आयुष्य मिळालं.

डिसेंबरच्या मध्याला पुन्हा मेसेज. “काहीतरी तांत्रिक बिघाड. आता २४ ला.” भावजींनी मान डोलावली. “इंजिन असंल. त्या दादू तांडेलाला मी शंभरदा सांगितलंय, इंजिनाचं काम दिवाळीआधी काढ म्हनून.” जिताडा आणखी दोन दिवस जगला.

आणि बावीस तारखेला, “तिथे वारा फार आहे म्हणून लाँच २५ ला. बाबा, आता शेवटची तारीख!” वाऱ्यामुळे लाँच रद्द, यात शंका घ्यायला जागाच नव्हती! जन्मभर हेच तर बघत आलो. आमच्याकडे मात्र पान हलत नव्हतं, खाडी ताटात वाढलेल्या पेजेसारखी पडलेली. भावजी म्हणाले, “धक्क्यावर असंल वारा.” मी पण म्हणाले, “असंल.” मला आज स्वतःचीच चीड येते. पण खरं सांगू का, मलाही ती पोर यायला हवी होती. मी पण वाट बघत होते. वाट बघणारं माणूस जास्त प्रश्न विचारत नाही.

पंचवीस तारीख, शनिवार. नाताळची सुट्टी, अलिबागेला जाणाऱ्यांची झुंबड. भावजी तीन वाजताच हजर. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, केसांना तेल. मी चिडवलं, “नवरदेव, वऱ्हाड कुठंय?” लाजले. हो, खरंच लाजले. घरी माझ्या मोठ्या पातेल्यात कालवण तयार होतं. जिताड्याचे दिवस अखेर भरले होते.

त्या दिवशी लाँच लवकर आली, पाच-चाळीसलाच लागली. भरती होती, पाणी वरच्या पायरीपर्यंत, लाँच छान उंच उभी. भावजी जाऊन आपल्या जागी उभे राहिले. मी टपरी उघडी टाकून मागे गेले.

एकेक माणूस उतरायला लागलं. “आता!” एक बाई. “आता!” एक म्हातारा. लाल टोप्या घातलेली कॉलेजची पोरं, तीही हात धरून उतरली. प्रत्येकाला हात देताना भावजींची नजर त्याच्या खांद्यावरून मागे जात होती. गर्दी कमी होत गेली. दहा राहिले. चार राहिले. शेवटी गिटार घेतलेला एक मुलगा उतरला आणि मागे बाकडी दिसली.

“अजून कोन हाय?” भावजींनी वर दादूला विचारलं. दादू तांडेल म्हणाला, “कोन न्हाय काका. खाली झाली.”

भावजी लाँचवर चढले. खाली वाकून केबिनमध्ये बघितलं. मागच्या बाजूला जाऊन आले. दोन बॅगा घेऊन एखादी पोर कुठे लपणार होती? तरी बघून आले. मग पायरीवर उतरले, आणि त्यांना हात द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी दिला. त्यांचा हात गार पडला होता. मी म्हणाले, “पुढच्या लाँचला असंल.” ते म्हणाले, “पाच पन्नासला ही एकच हाय, वैनी.”

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओचा. मी बटण दाबून दिलं आणि प्राप्तीचा चेहरा आला. मागे पांढरी भिंत, खिडकीत दिवस. म्हणजे ती तिथेच होती. हॉलंडमध्ये.

“बाबा, बघताय ना? पाच मिनिटं राहिली! लिंक पाठवली होती, उघडली का?” मग थांबली. “बाबा, तुम्ही जेट्टीवर काय करताय?”

भावजी म्हणाले, “लाँच बघाया आलो ना. तूच सांगितलंस.”

ती हसायला लागली. “अहो बाबा! ही लाँच नव्हे हो! रॉकेटचं लाँच! आमची दुर्बीण आज आकाशात जातेय! मी सांगितलं होतं ना?”

“व्हय व्हय,” भावजी म्हणाले. “ती पोटातली.”

“पोटातली कुठली बाबा!” तिला हसू आवरेना. भावजी पण हसले. तिच्याबरोबर हसले, मोठ्याने, दोन्ही खांदे हलवून. मी त्यांना तीस वर्षं ओळखते. ते हसणं खोटं होतं. आतून माणूस बसलं होतं खाली.

तिने फोन आपल्या कॉम्प्युटरसमोर धरला. पडद्यावर झाडी आणि त्यात उभं एक पांढरं रॉकेट. तिचा आवाज मागून येत होता, की आकाशात पाठवलेली ही आजवरची सगळ्यात मोठी दुर्बीण आहे, तीस वर्षं हजारो माणसं खपली, तिच्यातल्या एका कॅमेऱ्याचे आकडे तपासणाऱ्या गटात मी आहे, बाबा. तो कॅमेरा फार गार ठेवावा लागतो. ऊन लागू नये म्हणून पाच पदरी पडदा आहे, खेळाच्या मैदानाएवढा.

भावजी पुटपुटले, “माझ्या बापाची हयात मिठागरात गेली, ऊन पडावं म्हनून. हिला ऊन नको.”

मग परक्या भाषेत कोणीतरी उलटे आकडे मोजायला लागला. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी जवळ येतंय हे कळत होतं. इथे दादूची लाँच पायऱ्यांना घासून वर-खाली होत होती. पडद्यावर खालून धूर निघाला, आणि भावजींच्या तोंडून आपोआप निघालं, “आता!”

आणि ते उठलं. पांढरा जाळ मागे टाकत सरळ वर गेलं आणि थोड्याच वेळात ढगात शिरलं. दिसेनासं झालं. पलीकडे टाळ्या, ओरडणं. मग प्राप्तीचा आवाज आला, बारीक, “बाबा, तुम्ही ‘आता’ म्हणालात.”

“सवय,” ते म्हणाले.

तिने फोन ठेवला नाही. अजून अर्धा तास आहे म्हणाली, दुर्बीण रॉकेटवरून सुटते ती महत्त्वाची. आम्ही बाकड्यावर बसलो. सूर्य बुडाला. दादूची लाँच भोंगा देऊन परत निघाली, तिच्याकडे भावजींनी बघितलंही नाही. मग प्राप्तीने पुन्हा पडदा दाखवला. काळ्यात एक चकचकीत वस्तू हळूहळू लांब जात होती. तिने पंखासारखं काहीतरी उघडलं, उन्हात चमकलं. “गेली,” प्राप्ती रडत म्हणाली. “सुटली बाबा. आता तिला कोणी पुन्हा डोळ्यांनी बघणार नाही. पंधरा लाख किलोमीटर जाणार.”

भावजींनी विचारलं, “आनि रिटर्न कवा?”

“रिटर्न नाही बाबा. ती तिथेच राहणार.”

भावजी हळूच म्हणाले, “जाते आनि येत न्हाय, ती कसली लाँच?”

झालं. मला राहवलं नाही. मी फोन ओढून घेतला आणि त्या पोरीला आडवी-उभी घेतली. म्हटलं, “बाई गं, तुझी दुर्बीण गेली, आनंद आहे. पण हा माणूस दीड महिना लाँच लाँच म्हणतोय तो तुझ्यासाठी! त्याला वाटलं तू येतेस! घराला चुना दिला, पत्रे घातले, तुझ्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला! जिताडा तीनदा सांगून ठेवला, आज तो माझ्या घरी शिजून पडलाय! आत्ता तुझा फोन यायच्या आधी रिकाम्या लाँचमध्ये बाकड्यांमध्ये शोधत होता तुला! आणि विचारत नव्हता, तू नाही म्हणशील म्हणून!”

पलीकडून ती म्हणाली, आणि तो आवाज मी विसरणार नाही, “काकी, पण बाबाच म्हणाले होते... आई गेली तेव्हा. आता येऊन काय करणार. मला वाटलं, वेळेवर आले नाही म्हणून त्यांना मी नको आहे.”

मी भावजींकडे बघितलं. मी समोर बसले होते त्या दिवशी. मला ठाऊक होतं त्यांना काय म्हणायचं होतं. मयत नाही, अग्नी नाही, दाखवायला काही नाही, पोरीने एवढ्या लांबून जीव धोक्यात घालून यायचं कशाला, एवढंच. तिला त्रास नको म्हणून बोललेलं. आणि ते पोरीने आठ महिने छातीत घेऊन ठेवलं होतं.

भावजींनी माझ्या हातातून फोन घेतला. दोन बोटं नसलेल्या हातात धरला आणि उजवा हात, तो हात द्यायचा हात, फोनच्या समोर धरला. त्यांना कळत होतं का ते काय करताहेत, माहीत नाही.

“बाय,” ते म्हणाले, “ते त्या दिसाचं होतं गं. त्या दिसाचं तिकीट त्या दिसालाच चालतं. तू ते अजून घेऊन बसलीस?” मग श्वास घेतला. “मना तू पाह्यजेस. तुजा रिटर्न कवा हाय?”

ती रडली. हे रडले. मी तर बोलूच नका, टपरीत गिऱ्हाईक उभं होतं त्याला हाकललं.

पण रडून विमानं सुटत नाहीत. ती म्हणाली, काम मार्चपर्यंत आहे, ती दुर्बीण पोचल्यावर कॅमेरा गार होईपर्यंत आकडे बघावे लागतात, विमानं नीट सुरू झाली की येईन. येईन म्हणजे कधी? जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रविवारचे फोन मात्र लांबले. ती सांगायची की आज दुर्बिणीचा पडदा उघडला, आज पोचली, आज एक तारा दिसला. भावजी सांगायचे की आज बावीस मानसं उतरली. मधूनच दोघं सुचिताबद्दल बोलायचे. कालवणात ती किती कोकम टाकायची यावर एकदा भांडले. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. माणूस लांबून गोड बोलायला लागलं की मग लांबच राहतं, असं मी बघितलंय.

एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला सकाळी मेसेज आला. मी वाचला. “बाबा, १६ एप्रिल, संध्याकाळी. येते.”

भावजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“‘येते’ हाय ना? ‘येतंय’ न्हाय ना?”

“येते! येते आहे!”

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “वैनी, लाँच बी ‘येते’ म्हंतात. कोन येते ते कुठं लिव्हलंय?”

मी तोंड उघडलं ओरडायला, आणि मिटलं. बरोबर होतं की त्यांचं. एकदा पोळलेलं माणूस. मी वडे तसेच ठेवले, पदराला बोटं पुसली आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, “कोण येते?”

आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. तिकडे पहाट असणार. बराच वेळ काही आलं नाही. मग फोन थरथरला.

“मी, बाबा. मी.”

हे मी वाचून दाखवलं नाही. अक्षरं थोडी होती, भावजींनी स्वतः वाचलं, बोट ठेवून. मग कोनाड्यातलं कॅलेंडर काढून बघितलं. सोळा तारीख हनुमान जयंती, पुनव. म्हणाले, “संध्याकाळी पानी पार खाली जाईल. शेवटच्या पायऱ्या उघड्या पडतील, शेवाल हाय त्यावर.”

माझ्याकडून खराटा मागून घेतला. मी म्हटलं, “अहो, चौदा दिवस आहेत अजून!” त्यांनी ऐकलंच नाही. ओहोटी लागली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायऱ्या उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून घासायला लागले.